परमुलखांतील पुण्यकार्य आणि सरकारी तिजोरी

कुंडलिका नदी समुद्रास मिळते तेथें तिच्या उत्तर तीरावर रेवदंडा हें गांव आहे. किल्ल्यांत गांव आहे कीं गांवांत किल्ला आहे, हें नवख्यास चटकन् सांगतां येत नाहीं. कारण पोर्तुगीजांच्या तटाच्या आंत आज नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, नांदतीं घरें आहेत, आणि एखाद्या वाडीच्या गडग्यालगत कोरीव दगडांची कमान निमूटपणें उभी असते. या वाड्यांतून वाट काढीत गेलें म्हणजे माडांच्या शेंड्यांवर डोकें काढून असलेला एक उंच मनोरा दृष्टीस पडतो. लोक त्यास सातखणी म्हणतात. फ्रान्सिस्कन पाद्र्यांच्या चर्चचा तो मनोरा. त्यांच्याखेरीज दोमिनिकन, आगुस्तिनियन आणि जेझुइट या तिन्ही पंथांचे मठ याच तटाच्या आंत होते. एवढ्याशा गांवांत इतकीं देवस्थानें कशाला, असें कोणासहि वाटावें.

गेल्या हिवाळ्यांत आम्ही विद्यार्थ्यांची एक तुकडी घेऊन तेथें गेलों होतों. सनावळी सांगून आमचा घसा कोरडा झाला असतां मागच्या बाजूस उभ्या असलेल्या एका मुलानें विचारलें, "सर, हें सगळं बांधायला पैसे कोणी दिले?" आम्हीं सांगितलें, "पोर्तुगालच्या राजानें." त्यावर त्याचा दुसरा प्रश्न तयारच होता: "आणि पैसे बंद झाल्यावर या लोकांचं काय झालं?" प्रश्न इतिहासाचा होता, पण त्याच्या स्वरावरून तो केवळ इतिहासाचा नसावा असा आम्हांस संशय आला. त्याचें कारण पुढें कळलें. तें योग्य स्थळीं सांगूं. तूर्त त्याच्या पहिल्या प्रश्नास जें त्रोटक उत्तर आम्हीं दिलें तें पुरतें करूं.

चौल बंदराचा लौकिक फार जुना आहे. त्या बंदराच्या मुखाशीं इ. स. १५२१ मध्यें अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या संमतीनें पोर्तुगीजांनीं आपला किल्ला बांधावयास घेतला. निजामशहास अरबी घोडे हवे होते आणि पोर्तुगीजांस वखारीला भिंत हवी होती. सौदा सरळ होता. भिंतीमागून पाद्री आले, आणि ते आपल्या पायांनीं आले असले तरी त्यांचे पाय राजाच्या खजिन्यावर उभे होते. पंधराव्या शतकाच्या मध्यापासून रोमच्या पोपांनीं एकामागून एक फर्मानें काढून पोर्तुगालच्या राजास असा अधिकार दिला होता कीं, त्यानें शोधलेल्या व जिंकलेल्या मुलखांत चर्चें बांधावीं, पाद्री पाठवावे, त्यांचा योगक्षेम चालवावा. आणि या ओझ्याच्या बदल्यांत तेथील धर्मपट्टी त्याच्या हातीं असावी व बिशपाच्या नेमणुकींत त्याचा शब्द चालावा. या व्यवस्थेस 'पाद्रोआदो', म्हणजे आश्रयदातृत्व, असें नांव आहे. इ. स. १५५४ मध्यें सिमांव बोतेल्यु नांवाच्या राजाच्या खजिनदारानें पोर्तुगीज हिंदुस्थानच्या जमाखर्चाचें जें बाड तयार केलें त्यासारख्या दप्तरांतून किल्लेदार, वखारीचा कारकून, शिपाई आणि धर्मगुरु हे एकाच पंगतीला बसलेले दिसतात. शिपायाचा पगार आणि पाद्र्याचा पगार एकाच हातानें मोजला जाई. परलोकाच्या कामास निघालेल्या मनुष्याचा पगार इहलोकींच्या खजिनदारानें द्यावा यांत त्या काळच्या मनुष्यास कांहीं वावगें वाटत नव्हतें, आणि खरें सांगावयाचें तर आपणांसहि फारसें वाटत नाहीं. फक्त पाद्र्याच्या जागीं आज दुसरीं नांवें आलीं आहेत.

हा पैसा सर्वच लिस्बनहून येत होता अशीहि कोणी समजूत करून घेऊं नये. गोव्याच्या तिसवाडी बेटावरील देवळें पाडल्यानंतर इ. स. १५४१ मध्यें त्या देवळांच्या जमिनींचें उत्पन्न गांवकऱ्यांकडून 'सान्त फे' नांवाच्या बंधुसंघाकडे वळवून घेण्यांत आलें, आणि त्यांतून नवख्रिस्ती मुलांच्या शिक्षणाची सोय झाली. देणगीदार राजा, पण देणगी ज्याची हिरावून घेतली त्याच्याच घरची, असा हा प्रकार. पुण्याचें माप आणि पैशाची पिशवी एकाच मनुष्याच्या हातीं असली म्हणजे असें होतें.

येथें रेवदंड्याशीं निगडित असलेल्या एका मनुष्याची हकीकत सांगितलीच पाहिजे, कारण आमच्या विषयाचें सगळें मर्म तींत सांठलेलें आहे. मिगेल वाझ हा गोव्याचा व्हिकार जनरल, म्हणजे बिशपाचा मुख्य कारभारी. हा मनुष्य इ. स. १५४५ मध्यें मुद्दाम पोर्तुगालला गेला आणि तिसऱ्या जुआंव राजाच्या कानीं हिंदुस्थानांतील स्थिति घालून परत आला. त्याच्या खटपटीनें मार्च १५४६ मध्यें राजानें आपला गव्हर्नर जुआंव द काश्त्रु यास जें पत्र लिहिलें तें उपलब्ध आहे, आणि तें एकाच हातानें लिहिलें आहे यावर विश्वास बसूं नये असें आहे. त्या पत्रांत हिंदूंच्या मूर्ति शोधून काढून मोडाव्या, त्यांचे उत्सव बंद करावे, असा कडक हुकूम आहे. वसईंत पूर्वीं मशिदींकडे जाणारी रक्कम नवख्रिस्त्यांच्या कामीं लावावी असेंहि आहे. आणि त्याच पत्रांत, त्याच शाईनें, आमचे लोक स्वस्तांत गुलाम विकत घेऊन नफ्याकरितां मुसलमानांस विकतात हें बंद करावें, किनाऱ्यावरील मोतीं काढणाऱ्या गरिबांवर आमचे अधिकारी जो जुलूम करतात तो थांबवावा, कोचीनच्या मिरी विकणाऱ्या ख्रिस्त्यांस वजनांत फसवूं नये, हेंहि आहे. पहिलीं कलमें वाचून आमचें रक्त उसळतें. पुढचीं वाचून आम्ही थबकतों. हीं दोन्हीं प्रकारचीं कलमें लिहविणारा मनुष्य एकच. पत्र घेऊन परत आल्यावर थोड्याच महिन्यांत, जानेवारी १५४७ मध्यें, मिगेल वाझ चौलास मरण पावला. मरण इतकें अचानक आलें कीं विषप्रयोगाचा संशय त्या काळीं उघड बोलला गेला. विष असलेंच, तर तें कोणत्या कलमाकरितां असावें? मूर्तींच्या कलमानें दुखावलेल्या हिंदूंचें, कीं गुलामांच्या कलमानें ज्यांचा नफा बुडणार होता त्यांचें? इतिहासानें उत्तर दिलेलें नाहीं. पुढें त्या पत्रांतील कोणतीं कलमें अंमलांत आलीं हें मात्र इतिहासानें स्वच्छ सांगितलें आहे. मूर्ति मोडणाऱ्या कलमांस अधिकारी मिळाले. गुलामांच्या कलमास मिळाले नाहींत. गोव्याच्या बाजारांत माणसांची विक्री पुढेंहि होत राहिली.

आम्हांस वाटतें कीं, सरकार जेव्हां परमुलखांत सत्कार्यास पैसा देतें तेव्हां त्या पैशाच्या थैलींत नेहमींच असें दुहेरी पत्र असतें. देणाऱ्याच्या सोयीचें कलम वेगानें चालतें, गैरसोयीचें कलम कागदावर राहतें. परंतु तें कागदावर तरी राहतें, हें विसरूं नये. मिसेरिकॉर्दिया नांवाची जी दयाधर्माची संस्था पोर्तुगीजांनीं इ. स. १४९८ मध्यें लिस्बनला स्थापिली आणि पुढें आपल्या पूर्वेकडील वसाहतींतून नेली, तिच्या ठरलेल्या कामांत तुरुंगांतील कैद्यांस भेटणें व बंदिवानांस सोडविणें हीं कामें होतीं. आज ज्यांस आपण मानवी हक्कांचें कार्य म्हणतों त्याचा हा एक जुना आणि एकपक्षीय, तरी खराखुरा, अवतार आहे.

इ. स. १७३९ मध्यें वसई पडली आणि पुढच्याच वर्षीं तहान्वयें रेवदंडा व कोर्लई मराठ्यांच्या हातीं आलीं. पाद्र्यांचा पगार देणारा हात गेला. मठ ओस पडले, छपरें कोसळलीं, कमानींचे दगड आसपासच्या कामास लागले. दोनशें वर्षांहून अधिक काळ राजाच्या पैशावर चाललेलें कार्य पैशाबरोबर संपलें, असें म्हणून येथें विषय मिटवितां आला असता. पण समोर कोर्लई आहे. खाडीच्या दक्षिणेस असलेल्या त्या टेकडीच्या पायथ्याच्या गांवांत ख्रिस्ती लोक आजहि आपसांत पोर्तुगीजापासून निघालेली एक मिश्र बोली बोलतात. तिला कोणत्या राजाचा आश्रय नव्हता, कोणी अनुदान दिलें नाहीं, तिच्या शाळा नव्हत्या. पोर्तुगीज शिपायांचा आणि येथल्या बायकांचा संसार झाला, त्या घरांच्या चुलीपाशीं ती वाढली, आणि तटावरचें निशाण बदलल्यावरहि चूल पेटत राहिली एवढेंच. ज्याच्यावर खजिना खर्ची पडला तें दगडांचें राहिलें, आणि ज्याची कोणत्याहि वहींत नोंद नाहीं तें लोकांच्या तोंडीं राहिलें.

इंग्रजी अंमलांतील अनुदानांचा इतिहास वाचकांच्या परिचयाचा आहे. इ. स. १८१३ च्या सनदेंतील विद्येकरितां ठेवलेला एक लाख रुपया, १८५४ च्या वुडच्या खलित्यानें सुरू झालेली अनुदानपद्धति, आणि त्या अनुदानावर वाढलेल्या मिशनच्या शाळा, हें सर्व येथें उगाळण्याचें कारण नाहीं. पेशव्यांच्या दक्षिणेलाहि राज्याबाहेरून ब्राह्मण येत, आणि ती दक्षिणा कोणास मिळावी यावर पुढें पुण्यांत सुधारक व सनातनी यांची जुंपली, हें तर घरचेंच प्रकरण. आमच्या धंद्यापुरतें इतकेंच म्हणतों कीं, १८८० मध्यें चिपळूणकर, टिळक प्रभृतींनीं न्यू इंग्लिश स्कूल सरकारी मदतीवांचून काढलें तेव्हां त्यांच्या मनांत जी भीति होती ती अनाठायीं नव्हती. आणि पुढें त्याच मंडळींच्या संस्थेनें अनुदान घेतलें तेंहि चुकीचें नव्हतें. अनुदानावर पोट भरणाऱ्या प्राध्यापकानें याहून अधिक शूरपणा दाखवूं नये.

परंतु इंग्रजी अंमलांतील एक प्रकरण असें आहे कीं तें महाराष्ट्रांत घडूनहि आपल्या शालेय इतिहासांत त्यास जागा मिळालेली नाहीं. ज्या समुद्रावर रेवदंडा आहे त्याच समुद्रानें आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील माणसें शेंकडों वर्षें पकडून नेलीं गेलीं. एकोणिसाव्या शतकांत इंग्रजांच्या लढाऊ गलबतांनीं गुलाम नेणारीं अरबी गलबतें अडवून त्यांतील माणसें सोडविण्यास आरंभ केला. सोडविलेल्यांत मुलें पुष्कळ. त्यांस नेणार कोठें? त्यांतलीं कांहीं मुंबईस उतरलीं आणि नाशिकजवळच्या शरणपूरच्या वसाहतींत पोंचलीं. चर्च मिशनरी सोसायटीनें तेथें आफ्रिकन मुलांकरितां आश्रम चालविला होता, आणि त्यांच्या पोटापाण्याकरितां मुंबई सरकारांतून रक्कम मिळे. गोदावरीच्या काठीं हीं मुलें सुतारकाम, लोहारकाम शिकलीं, बायबल शिकलीं. त्यांतलाच जेकब वेनराइट. इ. स. १८७३ मध्यें आफ्रिकेच्या अंतर्भागांत लिव्हिंगस्टन वारला तेव्हां त्याच्या दफनाच्या वेळीं प्रार्थना म्हणणारा आणि पुढें त्याचें शव घेऊन इंग्लंडास जाणारा तो हाच नाशिकचा विद्यार्थी.

येथें सरकारच्या हेतूविषयीं कोणी भाबडेपणा करूं नये. ज्या सरकारनें आफ्रिकन मुलास गुलामगिरींतून सोडविलें त्याच सरकारच्या छत्राखालीं १८३४ पासून हिंदी मजूर करारानें मॉरिशसला जात होते, आणि त्यांत आमच्या रत्नागिरीकडील लोकहि होते. एका गलबतावरून माणूस उतरवावयाचा आणि दुसऱ्यावर चढवावयाचा, हा व्यवहार ज्यास दिसत नाहीं त्यानें इतिहास वाचूं नये.

पण गोष्ट येथें संपत नाहीं. इ. स. १८७३ मध्यें मुंबईचा माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर याच्या शिष्टाईनंतर झांझिबारच्या सुलतानाकडून गुलामांचा बाजार बंद करविणारा तह झाला. आणि शरणपूरचा संस्थापक प्राइस याच्या हातून मोंबासाजवळ 'फ्रिअर टाउन' ही मुक्त गुलामांची वसाहत उभी राहिली. तिच्या उभारणीस नाशिकहून शिकलेलीं माणसें गेलीं. तिकडे त्यांस 'बाँबे आफ्रिकन' म्हणत. त्यांपैकीं विल्यम जोन्स हा जवळच्या रबाई येथील ठाण्यावर होता. आतां मालकांपासून पळून आलेले गुलाम रबाईस येऊं लागले. इंग्रज वकिलातीचा दंडक असा कीं, गलबतावर पकडलेला गुलाम आमचा, पण किनाऱ्यावरील मालकाच्या घरून पळालेला गुलाम मालकाचा. त्यास मिशननें थारा देऊं नये. सरकारचें पुण्य समुद्राच्या पाण्यापुरतें होतें, जमिनीवर लागूं होत नव्हतें! परंतु जे स्वतः एके काळीं तसेंच विकले गेले होते त्यांस ही मर्यादा कशी पटावी? रबाईंत पळालेलीं माणसें राहिलीं, त्यांनीं झोंपड्या घातल्या, शेतें केलीं. इ. स. १८८८ मध्यें मालक खवळले आणि दंगा होतो कीं काय अशी वेळ आली, तेव्हां नुकत्याच स्थापन झालेल्या इंग्रज कंपनीच्या मॅकेंझी नांवाच्या अधिकाऱ्यानें मालकांस मोबदला देऊन तंटा मिटविला, आणि १ जानेवारी १८८९ रोजीं हजारांहून अधिक माणसांस मुक्ततेचे दाखले दिले गेले. मोबदल्याच्या रकमेंत इंग्रज सरकारासहि हिस्सा उचलावा लागला.

मिगेल वाझाच्या पत्रांतलें जें कलम चौलाच्या किनाऱ्यावर मेलें तें साडेतीनशें वर्षांनीं रबाईंत चाललें तें कोणाच्या जोरावर? देणाऱ्याच्या नव्हे; देणाऱ्यानें तर हात आंखडला होता. ज्यांच्या पालनपोषणाचा खर्च त्यानें दिला होता त्यांनीं त्याचा शब्द त्याच्यापेक्षां अधिक खरा मानला, आणि त्यास आपल्यामागें ओढीत नेलें.

आतां आमच्या काळाकडे येऊं. इ. स. १६२२ मध्यें रोमनें धर्मप्रसाराकरितां जें खातें काढलें त्याच्या नांवांतला 'प्रोपागांडा' हा शब्द पुढें किती बदनाम झाला हें सर्वांस ठाऊक आहे. 'लोकशाहीस साहाय्य' या शब्दांचें तसें होऊं नये अशी आमची इच्छा आहे, पण खात्री देववत नाहीं. १९८२ च्या जूनमध्यें अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनीं ब्रिटिश पार्लमेंटपुढें भाषण करून जगभर लोकशाहीच्या संस्था वाढविण्याचा मनोदय सांगितला, आणि १९८३ मध्यें त्याकरितां 'नॅशनल एन्डाउमेंट फॉर डेमॉक्रसी' हा निधि स्थापन झाला. पैसा सरकारचा, कारभार खाजगी मंडळाचा, अशी त्याची घडण आहे. पोलंडच्या 'सॉलिडॅरिटी' चळवळीस त्यानें मदत केली. ज्या राज्यकर्त्यांस हें रुचलें नाहीं त्यांनीं त्यास हस्तक्षेप म्हटलें. दोघांच्याहि म्हणण्यांत तथ्य होतें. २००५ मध्यें संयुक्त राष्ट्रांचा लोकशाही निधि निघाला तेव्हां मोठ्या देणगीदारांत अमेरिकेबरोबर भारतहि होता. म्हणजे आपण केवळ घेणारे आहों असें नाहीं.

घेण्याच्या बाबतींत आपला कायदा संशयी आहे. परकीय देणग्यांचा पहिला कायदा आणीबाणींत, १९७६ सालीं, झाला. दुसरा २०१० मध्यें. २०२० च्या दुरुस्तीनें अशा देणगीपैकीं कारभारावर खर्चण्याची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आणली, एका संस्थेनें दुसरीस ती देणगी वांटून देण्यास मनाई केली, आणि सर्वांचा पैसा दिल्लींतील स्टेट बँकेच्या एकाच शाखेंत प्रथम यावा असें ठरविलें. १५४१ ची तिसवाडी ज्यांस ठाऊक आहे त्यांस परकीय पैशाविषयींचा संशय समजतो. परंतु संशय हा कायद्याचा पाया झाला म्हणजे रबाईच्या जोन्ससारख्या मनुष्याचाहि जाच होतो, हें आम्हांस म्हटलेंच पाहिजे.

आणि मग देणारानेंच हात आंखडला. २० जानेवारी २०२५ रोजीं अमेरिकेच्या नव्या अध्यक्षांनीं परदेशी मदत थांबविण्याचा हुकूम काढला. १९६१ मध्यें स्थापन झालेलें तें मदतीचें मोठें खातें त्याच वर्षीं १ जुलैपासून बंद झाल्यासारखें झालें. १९८३ च्या निधीचाहि पैसा अडला आणि त्यास न्यायालयांत धांव घ्यावी लागली. देशोदेशींच्या संस्थांच्या दारांस कुलुपें लागलीं. आमच्या विद्यार्थ्याचा प्रश्न येथला होता. त्याची थोरली बहीण मुंबईंतील एका छोट्या संस्थेंत वेठबिगारांचे अर्ज लिहून देण्याचें काम करी. संस्थेचा पैसा कोठून येतो हें तिनें कधीं विचारलें नव्हतें. तो आला नाहीं तेव्हां तिला कळलें.

या प्रकरणीं दुसऱ्यास बोल लावतांना आपण स्वतः दिलेल्या दानाकडेहि पाहावें. काबूलची संसद भारतानें बांधून दिली. २५ डिसेंबर २०१५ रोजीं आपल्या पंतप्रधानांनीं अफगाण अध्यक्षांसमवेत तिचें उद्‌घाटन केलें. त्या देणगींत हेतु होता, पाकिस्तानच्या पलीकडे मित्र असावा हा हिशेबहि होता, आणि प्रामाणिक सद्भावहि होता; तिन्ही गोष्टी एकाच पायांत चिणलेल्या. १५ ऑगस्ट २०२१ रोजीं काबूल तालिबानांच्या हातीं गेलें. त्यानंतर त्या सभागृहांत सभा भरलेली नाहीं. ज्या स्त्रिया तेथें सदस्य म्हणून बसत त्यांपैकीं पुष्कळ देशोधडीस लागल्या. आम्हीं त्या वास्तूचें चित्र पाहिलें आहे: मोठा घुमट, रुंद पायऱ्या. रेवदंड्याच्या मनोऱ्यापाशीं उभे असतां तें चित्र आमच्या डोळ्यांपुढून हलेना.

परततांना गाडींत तो मुलगा आमच्या शेजारीं येऊन बसला. बहिणीविषयीं आम्हीं विचारलें तेव्हां त्यानें सांगितलें कीं, ती आतां एका वकिलाकडे टंकलेखन करते, पगार पूर्वीच्या निम्मा आहे, आणि आईचें म्हणणें आहे कीं आतां तरी लग्नाचें पाहावें. "पण रविवारी अजून लोक येतात घरी, कागद घेऊन," तो म्हणाला. "मागच्या खेपेला सातजण आले होते. चहालाच दूध पुरलं नाही."